ओलं पोतं कुठं टांगायचं? कारखान्यात ऐनवेळच्या तोडग्यांना जागा करून देण्याची रीत

एप्रिलच्या दुपारी तीन वाजता सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या शेडमध्ये उभं राहा. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आत मागांचा खडखडाट, आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक माग थांबतोय: ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला. विणकर गाठ मारून माग सुरू करतो, तोवर शेजारचा थांबतो. मग कोणीतरी बादलीभर पाणी आणून मागांमधल्या वाटेवर शिंपडतं, कोणीतरी पोतं भिजवून खिडकीच्या गजाला अडकवतं. तासाभरात तुटणं कमी होतं. तेवढ्यात सुपरवायझर येतो, ओली फरशी बघतो आणि खेकसतो. दुसऱ्या दिवशी तेच सगळं परत होतं, फक्त त्याची फेरी चुकवून.

ऐनवेळी मार्ग काढायची अक्कल सोलापूरच्या कारखान्यांना बाहेरून आणावी लागत नाही. ती शेडमध्ये आहेच, पण चोरून वावरते. त्यामुळे तिची चांगली बाजू कोणी शिकत नाही आणि वाईट बाजू कोणाच्या नजरेत येत नाही. या पोत्याचंच बघा. सुती धागा विणताना हवेत साधारण ७५ ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. उन्हाळ्यातल्या दुपारी इथली हवा त्याच्या निम्मीही ओली नसते. कोरड्या हवेत सुताची ताकद घटते, ताण्यावरची खळ कडक होऊन तडकते, तंतू उडतात. म्हणजे पाणी शिंपडणारा विणकर शास्त्राला धरूनच वागतोय. पण तेच पोतं बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, किंवा धागे ओवलेल्या फणीजवळ टाकलं, की खळ मऊ पडून धागे एकमेकांना चिकटतात, फणीला गंज धरतो आणि पांढऱ्या टॉवेलवर पिवळट रेघ उमटते. मोटारीच्या केबलखाली पाणी साचलं तर जिवावरच बेततं. पोतं खिडकीला चालतं, बीमला चालत नाही. हे वाक्य भिंतीवर असायला हवं. पण ते लिहायचं तर पोतं टांगलं जातं हे आधी कबूल करावं लागतं, आणि गाडी नेमकी तिथंच अडते.

पुढची रीत २० ते १०० माणसांचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. गणवेशाचं शिवणकाम, दवाखाना, ऑफिस इथं काय वेगळं पडतं ते शेवटाकडे येईल.

आधी शब्द ठरवा

मराठीत 'मार्ग काढणं' आणि 'वेळ मारून नेणं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायला तीन प्रश्न पुरतात. आपण केलेलं पुढच्या पाळीवाल्याला सांगता येईल का? गिऱ्हाईक समोर उभं असताना करता येईल का? पाच मिनिटांत होतं तसं परत करता येईल का? तिन्हीला 'हो' आलं तर तो मार्ग. एकाला जरी 'नाही' आलं तर वेळ मारून नेली. गठ्ठ्यात दोन हलके टॉवेल मधोमध दडपून गाडी रवाना करणं पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं.

'जुगाड' हा शब्द कामाच्या ठिकाणी टाळलेला बरा. कामगाराला त्यात कौतुक ऐकू येतं आणि खरेदीदाराच्या तपासनिसाला अंदाधुंदी. 'तोडगा' म्हणा. कागदावरही तोच शब्द लिहा.

विरोध कोणाचा, कशापायी

'आमच्या माणसांना बदल नको असतो' हे मालकाच्या तोंडचं ठरलेलं वाक्य. हिशेब मांडला की चित्र पालटतं. समजा, नगावर काम करणाऱ्या विणकराला आठ तासांच्या पाळीत ६०० रुपये पडतात. नवं काही करून बघायला त्याचे माग रोज एक तास थांबले, तर ७५ रुपये गेले. आठ पाळ्यांत पुरी एक पाळी फुकट. प्रयोग फसला तर तोटा त्याचा, जमला तर फायदा कारखान्याचा, आणि वर 'नीट केलं नाहीस' हा ठपकाही त्याच्याच माथी. असा सौदा कोणता शहाणा माणूस करेल? म्हणून पहिलं काम पैशाचं. प्रयोग चालू असेल त्या पाळ्यांना त्या माणसाची मागच्या चार आठवड्यांची सरासरी मजुरी किंवा त्या दिवसाची खरी मजुरी, यातली जी जास्त असेल ती द्यायची. हे प्रयोगाआधी कागदावर लिहून, सही करून लावा. तोंडी दिलेला शब्द पगाराच्या दिवशी हिशेबनिसापर्यंत पोचत नाही. इतकी साधी गोष्ट न केल्यानं जितके प्रयोग बुडतात, तितके दुसऱ्या कशानं बुडत नसतील.

दुसरा विरोध मुकादमाचा किंवा जॉबरचा. गंमत अशी, की शेडमधला सगळ्यात मोठा तोडगेबाज तोच असतो. मागाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते तो सांगतो. पण ते कसब त्याच्या एकट्याच्या हातात आहे म्हणूनच त्याला वजन आहे. ते वहीत लिहून घ्यायची भाषा केली की 'उद्या मला कोण विचारणार?' हे त्याच्या मनात येणारच, आणि ती भीती खोटी नाही. त्याला वळसा घालून जाऊ नका. प्रत्येक तोडगा आधी त्यानं तपासायचा आणि तोडग्याच्या चिठ्ठीवर (ती पुढे येते) 'तपासणारा' म्हणून त्याचं नाव घालायचं असं ठरवा. शिकवण्यात जाणारा त्याचा वेळ हजेरीत धरा. 'अण्णा, यात काय बिघडेल ते तुम्हीच सांगा' असं विचारलं, की तीस वर्षांचा अनुभव आडवा न येता कामी येतो. 'अण्णा, हे करून बघू या का?' असं विचारलंत तर मात्र उत्तर 'नाही होत ओ' हेच मिळेल.

तिसरा विरोध गप्प असतो. हेमिंग (कडा शिवणं), धागे कापणं, घडी, पॅकिंग या कामांत बायका जास्त. माल कुठं बिघडतो हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसतं, कारण प्रत्येक टॉवेल त्यांच्या हातांखालून जातो. पण पुरुषांनी भरलेल्या बैठकीत त्या बोलणार नाहीत. चहाच्या सुट्टीत त्यांच्या जागी जा, एखाद्या अक्कांना पुढे करा आणि 'काही सूचना आहेत का?' असं मोघम विचारू नका. 'काल कुठला माल दोनदा हातात घ्यावा लागला?' असं विचारा. पाच मिनिटांत तीन गोष्टी निघतात.

मालकाचाही विरोध असतो, पण तो उघड बोलून दाखवला जात नाही. त्याची धास्ती परत येणाऱ्या मालाची असते. त्यावर उपाय पुढच्या पाटीत आहे.

लाल, पिवळं, हिरवं

जुन्या तमाशात वगाचे संवाद लिहून पाठ केलेले नसत. कथा ठरलेली, प्रवेशांचा क्रम ठरलेला, बोलणं मात्र ऐनवेळचं. सोंगाड्या मनाला येईल तिकडे भरकटू शकायचा, कारण कुठल्या ठिकाणी परत यायचं हे राजापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असायचं. कारखान्यात हीच सोय तीन रंगांच्या पाटीनं होते.

लाल म्हणजे कोणीही, कधीही, कितीही घाई असली तरी नाही. टॉवेलच्या कारखान्यात या यादीत एवढं येतं: मागावरचं किंवा पट्ट्यावरचं संरक्षक कव्हर काढून चालवणं, चालत्या मागात हात घालणं, स्टार्टर आणि वायरिंग, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, रंगखात्यातल्या रसायनांचं प्रमाण, आणि गिऱ्हाइकानं मंजूर केलेली मापं, वजन, रंगछटा. लाल यादी सात-आठ ओळींच्या वर नेऊ नका. तीस ओळींची लाल यादी कोणी वाचत नाही, आणि मग तिच्यातल्या खऱ्या सात ओळीही बुडतात.

हिरवं म्हणजे विचारायचं नाही, करायचं आणि पाळी संपताना सांगायचं. ढकलगाडी कुठं उभी करायची, सूत गुंडाळलेले शंकू, म्हणजे कोन, कुठल्या क्रमानं मांडायचे, माग थांबला असताना साफसफाई कधी उरकायची, कोणी कोणाच्या मदतीला जायचं, गठ्ठ्याला खुणेची चिंधी कशी बांधायची, हे सगळं हिरवं.

पिवळं म्हणजे विचारून. मागाचा वेग, ताण्याचा ताण, पाइलच्या बीमचा ब्रेक, ऑर्डरींचा क्रम. टेरी टॉवेलला दोन बीम असतात. एकावर जमिनीचा ताणा, तो ताठ. दुसऱ्यावर पाइलचा, तो सैल, आणि त्या सैलपणातूनच टॉवेलचे फासे उठतात. तिथला ब्रेक कोणी स्वतःच्या अंदाजानं जरा आवळला, तर फासे बुटके होतात, टॉवेलचं वजन घसरतं, आणि हे लक्षात येतं ते थेट काट्यावर, शंभर नग विणून झाल्यावर. म्हणून तो पिवळा.

पिवळ्याचा खरा घोटाळा उत्तर मिळायला लागणाऱ्या वेळात आहे. विचारायला गेलेला माणूस अर्धा तास केबिनबाहेर उभा राहिला, तर पुढच्या खेपेला तो विचारणार नाही आणि पिवळं चोरीचं होईल. टोयोटाच्या कारखान्यांत कामगार दोरी ओढतो तेव्हा त्या टप्प्याचा प्रमुख त्याच्याकडे येतो. ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे दोरीची गरज नाही. मागाच्या खांबाला पिवळं फडकं लावायची सोय करा आणि फडकं दिसल्यापासून पाच मिनिटांत उत्तर द्यायचं बंधन सुपरवायझरवर घाला. 'आत्ता नको, उद्या बघू' हेही उत्तर चालेल. मौन चालणार नाही.

पाटी नुसती मराठीत लिहून भागत नाही. आपल्या शेडमध्ये मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दूही चालते, आणि बोलता येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतंच असं नाही. चित्रं काढा: चालता माग आणि त्यावर फुली, ढकलगाडी आणि हिरवा ठिपका. पाटी लावली त्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला चारही भाषांत एकदा मोठ्यानं सांगून घ्या.

पहिला तोडगा कुठला घ्यायचा

पहिल्या खेपेला मोठं काही हाती घेऊ नका. रोज अडणारं, कमी खर्चाचं आणि मागे फिरवता येणारं काम निवडा. एक चांगलं उदाहरण आहे कोनच्या लॉटचं.

गिरणीतून आलेल्या सुताच्या पेट्यांवर लॉट नंबर असतो. पेटी फुटली, कोन रॅकवर गेले, की तो नंबर पुठ्ठ्याबरोबर भंगारात जातो. अर्धवट वापरलेले कोन परत येऊन त्यात मिसळतात. दोन लॉटचं सूत उघड्या डोळ्यांना सारखंच दिसतं, पण रंगवल्यावर एक जरा गडद उतरतो आणि टॉवेलवर पट्टा पडतो. तोवर विणाई, रंगाई, सगळा खर्च होऊन गेलेला असतो. यावर कांडी भरणाऱ्या बायका कुठं ना कुठं स्वतःचा उपाय करतातच: कोणी रंगीत धागा बांधतं, कोणी खडूनं रेघ मारतं. हा पक्का हिरवा तोडगा. तो चोरीतून उजेडात आणायचा असा:

एक. सहा पाळ्या काहीही न बदलता नुसतं मोजा. रॅकवर किती कोनांचा लॉट सांगता येत नाही, तेवढाच आकडा, पाळी संपताना.

दोन. चिठ्ठी भरा. तीत पाच ओळी: काय अडतंय, काय करणार, कुठं आणि किती दिवस, काय बिघडू शकतं, मागे कसं फिरायचं. खाली दोन नावं, करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. पोस्टकार्डाएवढा कागद बस झाला. फॉर्म पानभर झाला की तो ऑफिसात भरला जाऊ लागतो, आणि मग शेडमधल्या माणसाचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

तीन. चौथी ओळ, 'काय बिघडू शकतं', मुकादमाकडून वदवून घ्या. इथं तो लगेच सांगेल, की खडूची भुकटी सुतावर बसते आणि बॉलपेनची शाई धुतली तरी जात नाही. म्हणून खूण सुतावर करायचीच नाही. कोनाच्या आतल्या कागदी नळीत, रंगीत कागदाचा तुकडा चिकटवून करायची. बाहेरून कोन उचलला की आत डोकावून रंग दिसतो, आणि कोन संपेपर्यंत खूण शाबूत राहते. हा फरक बायकांच्या कल्पनेला मुकादमाच्या शंकेची जोड मिळाल्यानं पडला. दोघांचीही नावं चिठ्ठीवर येतात.

चार. सगळ्या रॅकवर नाही, एकाच रॅकवर सहा पाळ्या करा. तोच आकडा परत मोजा.

पाच. सातव्या पाळीला रॅकसमोर उभं राहून ठरवा: ठेवायचं, बदलायचं की सोडायचं. बसून ठरवू नका, वेळ लांबतो.

मोजताना एक सापळा आहे. धागे तुटण्यावरचा तोडगा मेमध्ये सुरू केला आणि जूनच्या शेवटी मोजला, तर तुटणं कमी झालेलं दिसणारच, कारण पाऊस पडून हवाच ओली झालेली असते. श्रेय पोत्याला जातं. तुलना करायची तर त्याच आठवड्यात, त्याच सुताच्या, त्याच मालाच्या दोन मागांची करा: एकावर तोडगा, एकावर नाही. खडूनं चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, या हिशेबाच्या पुढे जायची गरज नाही.

दहा मिनिटांचा सराव

नाटकवाल्यांचा एक नियम इथं उपयोगी पडतो. उत्स्फूर्त नाट्यात समोरच्यानं टाकलेली कल्पना नाकारायची नसते. 'हो, आणि' म्हणून तिच्यात भर घालायची असते. आपल्या बैठकांत 'ते ठीक आहे, पण' हे चार शब्द कल्पनेचा जीव घेतात. बोलणाराही तिसऱ्या खेपेला शहाणा होऊन गप्प बसतो.

सराव पाळी बदलताना घ्या, आठ ते दहा जणांचा, उभ्यानं, हजेरीच्या वेळेत. रविवारी बोलावून, हॉलमध्ये खुर्च्या मांडून, बिनपगारी घेतलात तर 'हे काय नाटक लावलंय' असं लोक म्हणतील आणि त्यांचं बरोबरच असेल. एक प्रसंग सांगा, तोही खराच वाटणारा. जसं: 'सकाळी सातला गाडी सुटणार. ३० डझनांचं हेमिंग बाकी. रात्री दहापासून वीज नाही, कधी येईल माहीत नाही.'

पहिली तीन मिनिटं बोलायचं, प्रत्येकानं 'हो, आणि' म्हणून सुरुवात करायची. कोणी म्हणेल, पायानं चालणाऱ्या शिलाई मशीन दोन घरी आहेत. हो, आणि तयार झालेले डझन आधी पॅक करून गाडीत भरू. हो, आणि गिऱ्हाइकाला आत्ताच फोन करून उरलेले डझन दुसऱ्या गाडीनं चालतील का विचारू. पुढची तीन मिनिटं हात लावून: खरंच गठ्ठे मोजा, किती डझन आत्ता पॅक होतात बघा. मग दोन मिनिटं फक्त 'पण': घरच्या मशीनची शिवण कारखान्यासारखी पडेल का, टाके इंचाला किती, कंदिलाच्या उजेडात डाग दिसेल का. 'पण'वर बंदी नाही, त्याची पाळी शेवटची आहे एवढंच. उरलेल्या दोन मिनिटांत निर्णय.

आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. पहिल्या दोन सरावांत शांतता पसरेल. ती भरून काढायला सुपरवायझरनं भाषण देऊ नये; त्यानं स्वतः एक मुद्दाम चुकीची कल्पना टाकावी आणि इतरांना ती सुधारू द्यावी. साहेबाच्या कल्पनेला हात लावला तर काही होत नाही, हे डोळ्यांनी दिसावं लागतं. एखादा बोलघेवडा सगळी तीन मिनिटं खाऊन टाकतो. त्याला चिठ्ठी लिहायला बसवा. आणि मालक उभा असेल तर लोक मालकासाठी बोलतात, म्हणून पहिले चार सराव मालकानं शेडबाहेर राहावं. हे जमणं अवघड आहे, तरी.

चुकलं तर

पहिला फसलेला तोडगा हीच खरी परीक्षा. त्या दिवशी जे बोललं जाईल ते पुढची दोन वर्षं शेडच्या लक्षात राहतं. विचारायचा क्रम असा ठेवा: काय झालं, कधी लक्षात आलं, आधी कसं लक्षात आलं असतं. 'कोणी केलं' हे विचारूच नका. चिठ्ठीवर नाव आहेच. लाल ओळ ओलांडली असेल तर मात्र सवलत नाही, आणि तीही सगळ्यांना सारखी. मालकाच्या भाच्यानं मागाचं कव्हर काढलं आणि कोणी काही बोललं नाही, की पाटीचा रद्दीइतकाच उपयोग उरतो.

फसलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. जमलेल्यांच्या शेजारी लावा. वर्षाभरानं येणारा नवा माणूस तीच कल्पना घेऊन येतो, तेव्हा ही चिठ्ठी कामाला येते.

बक्षिसाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. आमचं मत मोठ्या रोख बक्षिसाच्या विरोधात आहे. पैसा मोठा झाला की कल्पना कोणाची यावरून भांडण होतं, आणि 'हो, आणि' म्हणणारा उद्यापासून आपली भर राखून ठेवतो. लहान रक्कम, आणि ती पूर्ण टोळीला. चिठ्ठीवर नावं. एवढं पुरतं.

तात्पुरत्याची मुदत

कुठल्याही शेडमध्ये फिरा, तारेनं बांधलेलं झाकण, विटेवर टेकवलेली मोटार, चिंधी गुंडाळलेला पाइप दिसेल. विचारलं तर उत्तर एकच: 'तात्पुरतं आहे.' किती दिवसांपासून, ते कोणाला आठवत नाही. ऐनवेळच्या कामाला मोकळीक दिली की असं तात्पुरतं दुपटीनं वाढतं. म्हणून प्रत्येक तोडग्याला लाल दोऱ्यानं तारखेचं कार्ड बांधा, मुदत ३० दिवस. दर महिन्याच्या १ तारखेला मुकादम आणि फिटरनं फेरी मारायची. मुदत संपलेला तोडगा एक तर पक्का करायचा नाही तर काढायचा. आणखी ३० दिवस एकदाच मिळतात.

पक्कं करणं म्हणजे काय, ते पोत्यावरून सांगता येईल. ओला-सुका पारा दाखवणारा साधा आर्द्रतामापक शेडच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, दारापासून लांब टांगा. सुका पारा ३२ अंश आणि ओला २८.५ असेल तर आर्द्रता साधारण ७७ टक्के, विणाईला उत्तम. सुका ३८ आणि ओला २३ असेल तर ती २७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे धागे तुटणारच. ओल्या पाऱ्याची वात वाळलेली नाही ना, हे रोज बघा. वात वाळली की दोन्ही पारे सारखेच चढतात आणि शेड ओली असल्याचा भास होतो. दोन तासांनी दोन्ही आकडे लिहीत गेलात, तर पंधरवड्यात कळतं की पोती पुरतात की हवा ओली ठेवायचं यंत्र घ्यायची वेळ आली आहे. दुसरी बाजूही याच आकड्यांत दिसते. ओला पारा ३० च्या वर चढला की घाम नीट वाळत नाही आणि माणसाचं अंग पुरेसं थंड होत नाही. तेव्हा धाग्यासाठी आणखी पाणी शिंपडणं बंद, वारा खेळता करायचा, पिण्याचं पाणी जवळ आणायचं आणि विश्रांतीच्या खेपा वाढवायच्या. धागा तुटला तर जोडता येतो. शहरात नळाला रोज पाणी येईलच असं नाही हे धरून, शिंपडायला वापरायचं पाणी कुठलं तेही आधीच ठरवा.

कधी सुरू करू नये

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. गणवेशाच्या कारखान्यात एप्रिल-मेमध्ये प्रयोगाचं नाव काढलं तर लोक हसतील. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत आणि आषाढी वारीच्या आठवड्यात हजेरी विस्कळीत असते. त्या काळात मोजलेले आकडे कामाचे नसतात. दिवाळीआधीचा महिना तसाच. ऑगस्ट, किंवा गड्डा उरकल्यावर फेब्रुवारी, हे बरे.

मजुरीचा दर, पाळीची वेळ, सुट्ट्या यांना हात लागत असेल तर ती ऐनवेळची गोष्ट राहत नाही. सेवाशर्ती बदलताना औद्योगिक कायद्यात आधी नोटीस द्यायची तरतूद आहे. अशा वेळी कामगार कायद्याच्या सल्लागाराला गाठा आणि युनियनशी आधी बोला.

दुसऱ्या कामांत

गणवेशाच्या कटिंगला हिरवं मोठं आहे. ५८ इंच पन्ह्याचं कापड मागवलं आणि काही ताके ५६ चे निघाले, तर मास्तरनं ताके पन्ह्याप्रमाणे वेगळे करून आखणी पुन्हा मांडणं हा उत्तम तोडगा. त्याच अडचणीवर शिवणीतला दाब कमी करून कापड पुरवणं मात्र लाल. पोर वर्षाभरात वाढतं, आई दाब सोडवायला घेते आणि आत कापडच नसतं. पुढच्या वर्षी शाळा दुसरीकडे जाते. पाटीवर हे कारणासकट लिहा, कारण 'दाब कमी करू नये' एवढंच लिहिलं तर घाईत ते विसरलं जातं.

दवाखान्यात लाल यादी लांबच असणार: औषध, मात्रा, रुग्णाची ओळख पटवणं, निर्जंतुकीकरण. हिरवं रांगेत, बसण्याच्या सोयीत, नातेवाइकांना निरोप देण्याच्या पद्धतीत शोधा. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजीबाईंना समजावायला वॉर्डातल्या मावशींना बोलावणं हा रोजचा तोडगाच आहे. त्या मावशींचं नाव आणि त्यांना येणाऱ्या भाषा काउंटरवर लिहून ठेवल्या की तो पक्का झाला. ऑफिसात पैसे, सह्या आणि तारखा लाल. बाकी जवळजवळ सगळं हिरवं निघतं, आणि तिथला विरोधही बहुतेक नुसत्या सवयीचा असतो.

राहिली रातपाळी. सगळ्यात जास्त तोडगे तिथंच निघतात, कारण विचारायला कोणी नसतं, आणि सगळ्यात कमी लिहिले जातात. तिथं पिवळ्याचं उत्तर देणारा एक माणूस नावानं नेमा आणि त्याचा फोन रात्रभर चालू राहील हे बघा. लिहिता न येणाऱ्यानं तोडगा फोनवर बोलून ठेवला तरी चालेल. सकाळचा सुपरवायझर चिठ्ठी भरेल. चिठ्ठ्यांची पेटी ऑफिसच्या दारात ठेवू नका, पाण्याच्या माठाशेजारी ठेवा. पेन दोरीनं बांधा.